धुक्यातलं रान कृष्णधवल फोटोत: कोकणासाठी सविस्तर पद्धत

धुक्यात काढलेले बहुतेक फोटो दोनदा फसतात. पहिल्यांदा जागेवर: कॅमेरा सगळं राखाडी करून ठेवतो आणि झाडं त्यात बुडून जातात. दुसऱ्यांदा घरी: तो राखाडीपणा घालवायला कॉन्ट्रास्ट ओढला जातो, झाडं उठून दिसतात, पण धुकं गेलेलं असतं. रंगीत फोटोत हिरवा किंवा निळसर रंग थोडी लाज राखतो, कृष्णधवलमध्ये ती सोय नाही. तिथे चौकटीत जवळ काहीतरी खरोखर काळं हवं. एखादं ओलं खोड, गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा, फणसाची फांदी, काहीही चालेल. तेवढं काळं असलं की मागचा प्रत्येक राखाडी थर आपोआप लांबचा वाटतो आणि धुक्याला हात लावावा लागत नाही. पुढचा सगळा खटाटोप त्या एका काळ्यासाठी आहे.

कुठलं धुकं, ते आधी ओळखा

कोकणात ज्याला आपण सरसकट धुकं म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची तयारी वेगळी.

पहिलं हिवाळ्यातलं, डिसेंबर ते फेब्रुवारी. रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडतो, जमीन उष्णता बाहेर टाकून गार होते आणि तिच्यालगतची ओलसर हवा धुकं होऊन बसते. गार हवा जड, म्हणून ती उताराने खाली येते. त्यामुळे हे धुकं सड्यावर नसतं, खाली असतं: वाशिष्ठी, शास्त्री, सावित्रीच्या खोऱ्यांत, खाडीकाठच्या आगरांत, वहाळाच्या दोन्ही बाजूंना. आदल्या रात्रीच्या खुणा बघायच्या. संध्याकाळनंतर वारा पूर्ण पडलाय, चांदण्या स्वच्छ आहेत आणि नऊ-दहाच्या सुमारास बाहेर उभ्या गाडीच्या सीटवर दव आलंय, तर पहाटे निघायला हरकत नाही. हवामानाच्या ॲपवर तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) यांच्यातला फरक पहाटेसाठी २ अंश किंवा कमी दिसत असेल आणि वारा ताशी ५-६ किलोमीटरच्या आत असेल, तर शक्यता चांगली. जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला होतो. धुकं बहुतेक वेळा साडेआठ-नऊपर्यंत विरतं, म्हणजे हातात दीड-दोन तास. हे धुकं उथळ असतं. कित्येकदा दहा-पंधरा मीटरच जाड. पाखाडीच्या पायऱ्यांनी धुक्याच्या वर चढलं की माडांचे शेंडे धुक्याबाहेर आलेले दिसतात, खोडं मात्र आत. हा फोटो फक्त याच ऋतूत मिळतो.

दुसरं पावसाळ्यातलं, जून ते सप्टेंबर, घाटाच्या अंगाने. ते धुकं नव्हे, ढगच. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला आपटून वर चढते, चढताना दर १०० मीटरला साधारण १ अंशाने गार होते आणि एका उंचीनंतर तिचा ढग बनतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरची आंबोली पावसाळाभर त्या ढगात असते, खाली सावंतवाडी मात्र स्वच्छ. इथे वारा असतो, थेंब असतात, आणि धुकं दिवसभर येत-जात राहतं. पहाटे उठायची सक्ती नाही. दुपारी दोनलाही काम होतं.

ढगाला तळ असतो, आणि हा सगळ्यात मोठा फायदा आहे. फार दाट वाटलं तर घाटाची दोन-तीन वळणं खाली उतरायचं, विरळ वाटलं तर वर चढायचं. हिवाळ्यात वाट बघावी लागते, पावसाळ्यात उंची बदलून धुक्याची दाटी जवळजवळ मागून घेता येते. तळाच्या अगदी जवळ वरचा भाग धुरकट आणि खालचा स्पष्ट असा उतरता पडदा मिळतो, तो सगळ्यात देखणा.

दाटी मोजायची साधी रीत: शेवटचं जे खोड जेमतेम ओळखू येतं ते किती पावलांवर आहे ते बघा. ते अंतर म्हणजे तुमची दृश्यता. हवामानशास्त्रात १ किलोमीटरच्या आत दृश्यता आली की धुकं म्हणतात, पण रानाच्या फोटोला ते फारच विरळ. ८० ते २०० मीटर उत्तम. अंतरागणिक झाडाचा उठाव भराभर घटतो: दृश्यतेच्या पाव अंतरावर तो जवळपास ३८ टक्के उरतो, अर्ध्या अंतरावर १४ टक्के, पूर्ण अंतरावर २ टक्के. म्हणून दृश्यता १०० मीटर असेल तर पन्नास मीटरवरचं झाड फोटोत केवळ आठवण असतं. मुख्य झाड दहा-पंधरा मीटरच्या आत हवं, दुसरी रांग पंचवीसवर, तिसरी पन्नासवर. हे तीन टप्पे सापडले की अर्धं काम झालं.

कुठलं रान निवडायचं

पोफळीची बाग सरावाला सगळ्यात सोयीची. झाडं साधारण पावणेतीन मीटरच्या चौकोनी अंतराने लावलेली असतात, खोडं सरळ, फांद्या नाहीत, आकाश झाकलेलं. रांगेच्या बरोबर समोर उभं राहिलं तर खोडं एकामागे एक लपतात आणि मधला बोगदा तेवढा दिसतो. दोन-तीन पावलं बाजूला सरकलं की मागची खोडं पुढच्यांच्या फटींत येऊन बसतात. जवळून पोफळीचं खोड बघा: गळून पडलेल्या झावळ्यांच्या खुणांची वळी, त्यांवर दगडफुलाचे फिके चट्टे, आणि पावसाळ्यात एका बाजूनेच चढलेलं शेवाळ. शेवाळाची बाजू गडद, चट्ट्यांची बाजू उजळ. त्यामुळे एकाच खोडाचा फोटो एका बाजूने घेतला तर काळा खांब मिळतो, दुसरीकडून ठिपक्यांचा राखाडी दांडा. काळी बाजू शोधून तिथे उभं राहायचं.

देवराईत उलट परिस्थिती. जुनी, अवाढव्य झाडं, गारंबीचे वेल, खाली वाढलेलं झुडूप, सगळा गुंता. तिथे धुकं दाटच हवं, कारण गुंता निवडून बाजूला काढायचं काम तेच करतं. आत जाण्याआधी गुरवाला किंवा गावकरांना विचारायचं. काही देवराया चपला काढून जायच्या असतात, काहींत ठरावीक जागेपुढे जात नाहीत. मध्ये आलेली फांदी मोडून चौकट मोकळी करणं तर नाहीच. देवराईतली पडलेली काटकीही गावाच्या दृष्टीने देवाची असते.

घाटातल्या मिश्र रानात झाडाची साल बघून पुढचं खोड निवडा. ऐनाची साल मुळातच गडद, चौकोनी भेगांची, आणि भिजली की कोळशासारखी होते. पहिला काळा म्हणून तिच्यासारखी नाही. नाणा नावाच्या झाडाचं खोड गुळगुळीत आणि फिकं, धुक्यात ते विरघळून जातं. ते पुढे ठेवायचं असेल तर त्याच्या मागे गडद काहीतरी हवं, नाहीतर चौकटीच्या मधोमध भोक पडल्यासारखं दिसतं.

सुरूचं बन समुद्राला लागून, सपाट, आणि जमिनीवर सुयांचा सलग गडद थर, त्यामुळे तळ आयता स्वच्छ मिळतो. पण सुरूची पानं पिंजल्यासारखी, त्यांचा काळा कधीच भरीव येत नाही. खोडांवरच भिस्त ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुरू आणि पोफळी मोठ्या प्रमाणात आडव्या झाल्या. तिकडच्या बनांचे जुने फोटो बघून जागा ठरवू नका, एकदा जाऊन बघा.

हापूसची कलमं धुक्यात काळे गोळे दिसतात. दोन गोळे एकमेकांना चिकटले की आकार संपला, म्हणून मध्ये धुक्याची फट सोडायचीच. डिसेंबर-जानेवारीत झाडावर मोहोर असतो. धुकं पडलं की बागायतदार तुडतुडे आणि भुरीच्या काळजीत असतो, त्या सकाळी बागेत शिरून ‘काय मस्त धुकं पडलंय’ म्हणू नये. बेडं (बागेचं फाटक) ओलांडण्याआधी विचारावं, आणि फवारणी नुकतीच झालेली असेल तर परत फिरावं.

सामान, आणि कोकणातला दमटपणा

लेन्स दोनच पुरतात: एक साधारण ३५ ते ५० मिलिमीटर आणि एक ७०-२०० (पूर्ण आकाराच्या सेन्सरवर). रानात वाइड लेन्स नेण्याचा मोह होतो, पण ती आकाशाची पांढरी भोकं आणि पायाखालचा पालापाचोळा सगळंच आत ओढते. ८५ ते १३५ च्या आसपास धुक्याचे थर एकमेकांवर येऊन बसतात. ट्रायपॉड हवाच. तांबड्या चिखलात त्याचे पाय दाबून घट्ट बसवा, नाहीतर लांब एक्स्पोजरमध्ये तो हळूहळू खचतो आणि फोटो उभ्या दिशेने पुसटतो. कारण कळत नाही आणि दोष लेन्सला जातो.

फडकी तीन-चार घ्या, प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत. एक भिजलं की संपलं, ओल्या फडक्याने काच पुसली की थेंब जातो आणि पापुद्रा राहतो. लेन्सहूड कायम लावलेला. पाऊस नसला तरी झाडं टपटपतात, आणि रानातले थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा जाडे असतात. कॅमेऱ्यावर आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली तर महागड्या कव्हरची गरज पडत नाही.

काचेवर वाफ धरणं ही खास इथली तक्रार. किनाऱ्यावर पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. खोलीत एसी २२ वर लावून झोपलात तर सकाळी लेन्स त्याखाली गेलेली असते. बाहेर काढताक्षणी तिच्यावर, आणि कधी आतल्या काचांवरही, वाफ धरते. पुसून उपयोग नाही, लगेच पुन्हा येते. उपाय दोन: कॅमेऱ्याची बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा, किंवा बंद पिशवीतच बाहेर आणून पाऊण तास राहू द्या, म्हणजे वाफ धरली तर पिशवीवर धरेल. गाडीतल्या एसीलाही हेच लागू.

बुरशीचं म्हणाल तर घरी रबरी कडेचा हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. पंधरा लिटरच्या डब्याला पाव किलो जेल भरपूर. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर राहू द्या. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतं, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात नको. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. तांदळाची पूड झूमच्या फटीत शिरते.

पायात गमबूट किंवा घट्ट विणीचे लांब मोजे. जळवांसाठी मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी. गडग्याच्या चिऱ्यांवर आणि झुडपात हात टेकण्याआधी नीट बघा: फुरसं आणि चापडा हे दोन्ही साप तिथेच बसतात, आणि दोन्ही पार्श्वभूमीत इतके मिसळतात की व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला दिसत नाहीत.

कॅमेऱ्याची मांडणी

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्यायची, पण पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसेल असं प्रोफाइल लावायचं. समोरचा हिरवा रंग फसवतो. पडदा राखाडी असला की कुठलं खोड वेगळं उठतंय आणि कुठलं पानांत हरवतंय ते तिथेच कळतं. त्या प्रोफाइलचा कॉन्ट्रास्ट सगळ्यात कमी ठेवा. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) जेपेगवरून बनतो, आणि कडक प्रोफाइल असलं की नसलेला धोका दाखवतो.

आयएसओ १०० ते ४००, ॲपर्चर एफ ८. अगदी जवळचं खोड आणि मागची रांग दोन्ही स्पष्ट हवी असतील तर एफ ११. त्यापुढे जाऊन हाती फार लागत नाही: मागचं तसंही धुक्याने मऊ केलेलं असतं आणि बारीक छिद्रामुळे सगळंच किंचित बोथट होतं. वारा नसताना सकाळी सातच्या सुमारास घाटातल्या रानात एफ ८, आयएसओ ४०० ला १/१५ ते १/३० सेकंद येतो, पोफळीत त्याहून दोन-तीन स्टॉप कमी उजेड असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). दोन सेकंदांचा टायमर लावा.

एक्स्पोजर हा मुख्य भाग. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची, म्हणजे मीटरची, समजूत अशी की समोरचं जग सरासरीने मधला राखाडी असतं. धुकं त्याहून बरंच उजळ असतं, म्हणून मीटर ते खाली ओढतो आणि धुराचा फोटो मिळतो. चौकटीत बहुतांश धुकं असेल तर +१ ते +१.७ भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) द्या. पुढचं काळं खोड चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापत असेल तर मीटर आधीच फसून वर गेलेला असतो, तेव्हा +०.३ पुरते. म्हणजे भरपाईचा एकच आकडा पाठ करून चालत नाही. स्पॉट मीटर (चौकटीतला एकच ठिपका मोजणारा) असेल तर जास्त सोपं: ज्या उजळ धुक्यात अजून पोत दिसायला हवा त्यावर मोजा आणि +१.७ ते +२ वर बसवा. मग स्पॉट पुढच्या खोडावर आणा. ते धुक्यापेक्षा चार स्टॉप किंवा अधिक खाली असेल तर काळा मिळाला. दोनच स्टॉप खाली असेल तर कितीही संपादन करा, तो काळा रंगवलेला दिसेल. जवळ जा.

हिस्टोग्राममध्ये धुकं एका अरुंद टेकडीसारखं दिसतं. ती टेकडी मध्याच्या उजवीकडे हवी, उजव्या भिंतीला न टेकता. आणि डावीकडे एक बारीक शेपटी हवी. ती शेपटी म्हणजे तुमचं काळं खोड. शेपटीच नसेल तर चौकट बदला.

ऑटोफोकस धुक्यात मागे-पुढे हेलपाटे घालतो, कारण त्याला धरायला कड मिळत नाही. मॅन्युअलवर घ्या, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा आणि पुढच्या खोडाची धुक्यावर उमटलेली कड स्पष्ट करा. सालीच्या मधोमध नाही, कडेवर.

फिल्टरबद्दल एक जुना गैरसमज. पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर लांबच्या निळसर धुरकटपणाला कापतो, हे खरं. धुक्याला कापत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कित्येक पट मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात. त्या फिल्टरने फक्त पानांची आणि तांबड्या मातीची छटा बदलते, आणि ते काम रॉ फाइलवर नंतर जास्त नीट होतं. पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) मात्र पावसाळ्यात खरोखर उपयोगी. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी हजारो ठिपक्यांसारखी दिसते आणि काळ्याला छिद्रं पाडते. पोलरायझर फिरवून ती घालवा. दीड-दोन स्टॉप उजेड जातो. पूर्ण फिरवू नका: ओल्या खोडाच्या एका कडेला राहिलेली चकाकीची रेघ खोडाला गोलाई देते, ती ठेवायची.

चौकट

उभं राहिल्याबरोबर ट्रायपॉड उघडायचा नाही. आधी कॅमेरा हातात घेऊन हिंडा. पुढचं खोड ठरवा, मग डावी-उजवीकडे अर्ध्या-अर्ध्या पावलाने सरका आणि मागचं प्रत्येक खोड पुढच्यापासून सुटं होतंय का बघा. पुढच्या खोडाच्या कडेतून मागच्याची फांदी फुटलेली दिसली तर एका पावलात ती सुटते. जागा पक्की झाली की मग ट्रायपॉड.

आकाश टाळा. पानांच्या फटींतलं नागडं पांढरं आकाश धुक्याहून दोन-तीन स्टॉप उजळ असतं आणि नजर तिथेच जाते. उतारावर असाल तर वरून किंचित खाली बघत घ्या. उतार नसेल तर वरची कड पुढच्या झाडाच्या पानांनी झाका.

मग चौकटीच्या चारही कडा फिरून बघा. कोपऱ्यातून आत आलेली अर्धी झावळ, कडेला चिकटलेलं खोड, खाली पांढरी पडलेली प्लास्टिकची बाटली. रंगीत फोटोत हे खपतं, कृष्णधवलमध्ये कोपऱ्यातला पांढरा ठिपका ओरडतो. खालच्या भागात तांबडी पाणंद किंवा गडगा घेता आला तर घ्या. पावसाळ्यात शेवाळलेला चिरा गडद होतो आणि फोटोला बूड देतो.

वारा आणि थेंब

घाटात वारा पूर्ण थांबेल या आशेवर बसू नका. पानं थांबवायची तर १/१२५ ते १/२५० लागतो, त्यासाठी आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत खुशाल जा. किंवा सरळ १ ते ४ सेकंद घ्या, पानांचा धूर होईल आणि खोडं स्थिर राहतील. मधला १/१५-१/३० सगळ्यात वाईट. पानं धड स्थिर नाहीत, धड वाहती नाहीत, बघणाऱ्याला फक्त हललेला फोटो वाटतो.

काचेवरचा थेंब जागेवर दिसत नाही. घरी आल्यावर मधोमध एक मऊ वर्तुळ दिसतं आणि धुक्यात ते पुसताही येत नाही. दर पाच-सहा फोटोंनी काच तिरकी धरून बघा आणि थांबताना लेन्स नेहमी खाली वळवून ठेवा.

ऊन फुटतं तेव्हा

हिवाळ्यात आठच्या सुमारास सूर्य झाडांच्या वर येतो आणि धुकं विरायला लागतं. ही वेळ पंधरा-वीस मिनिटांची. धुकं प्रकाश जास्त करून पुढच्याच दिशेला विखुरतं, म्हणून सूर्याकडे तोंड करून बघितलं तर ते पेटलेलं दिसतं आणि सूर्य पाठीशी घेतला तर सपाट. पुढचं खोड सूर्य आणि लेन्स यांच्या बरोबर मध्ये आणा. खोडाच्या दोन्ही बाजूंनी किरणांचे पट्टे पसरतील आणि खोड कोळशासारखं काळं पडेल. भरपाई शून्यावर आणून एक-एक स्टॉप वर-खाली असे तीन फोटो घ्या. सूर्याभोवतीचा थोडा भाग जळाला तर जळू दे.

पावसाळ्यात ही वेळ येतच नाही, त्याची वाटही बघू नये. तिथली खरी वेळ म्हणजे मोठी सर थांबल्यानंतरची दहा मिनिटं: हवा धुतलेली, खोडं पूर्ण भिजलेली, आणि खालून ढगाचा नवा लोट वर येत असतो. सर चालू असताना आडोशाला जाऊन बसणारे नेमके त्याच वेळी चहा पीत असतात.

संगणकावर

कृष्णधवल करण्याआधी लेन्सची दुरुस्ती आणि जांभळ्या कडा काढा. उजळ धुक्यासमोरच्या बारीक फांद्यांना जांभळी किनार येते. रंगीत असताना ती एका क्लिकने जाते, कृष्णधवल केल्यावर तिची पांढरी झालर होते आणि मग ती निघत नाही.

नंतर रंगांची छटा. गंमत अशी की पावसाळ्यातली पोपटी पालवी आपल्याला हिरवी वाटते, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी ती बरीचशी पिवळी असते. हिरवा स्लायडर हलवून काही होत नाही म्हणून लोक वैतागतात. पिवळा वर नेला की पानं उजळतात आणि खोडं त्यांच्यापासून सुटतात. २०-३० च्या पुढे नेलं तर पानं बर्फ पडल्यासारखी दिसतात. लाल-नारिंगी खाली घेतलं तर पाणंदीची तांबडी माती गडद होते आणि चौकटीचा तळ भरतो.

आता टोन. काळ्याचा बिंदू फक्त पुढच्या खोडावर ठरवा: त्याचा सगळ्यात गडद भाग ३-५ टक्क्यांवर आला की थांबा. सगळ्यात उजळ धुकं ८८-९२ टक्क्यांपर्यंत ठेवा, शंभरपर्यंत ओढू नका. शुद्ध पांढरं धुकं कागदावर कोरा कागद दिसतं. मधल्या राखाडीचा वक्र जवळपास सरळ सोडा.

डिहेझ हा स्लायडर धुकं काढण्यासाठीच बनवलेला आहे, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे बघा. संपूर्ण फोटोवर तो वापरायचा नाही. पुढच्या खोडावर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) +१० पर्यंत चालतो, आणि मागच्या थरांवर उलट −५ ते −१० दिला तर खोली वाढते. क्लॅरिटी जोरात दिली की खोडांभोवती उजळ वलय उमटतं. धुक्यासमोर ते लपत नाही. अंतर वाढवायचं असेल तर त्याऐवजी ब्रशने मागची रांग पाव स्टॉप उजळ करा आणि पुढचं खोड पाव स्टॉप गडद. दोन-तीनदा, थोडं-थोडं.

सगळं काम १६ बिटमध्ये. आठ बिटच्या जेपेगवर धुक्याचा उतार ओढला की त्यात पायऱ्या पडतात. शेवटी थोडा दाणा (ग्रेन), १०-१५ इतका, टाकला तर पायऱ्या लपतात आणि धुक्याला अंगही येतं. शार्पनिंग मास्क करून फक्त खोडांच्या कडांना. आणि फोटो १०० टक्के मोठा करून सेन्सरवरच्या धुळीचे डाग शोधा. सपाट धुक्यात एकही डाग लपत नाही.

मोबाइल आणि फिल्म

मोबाइलवर एचडीआर आणि नाइट मोड बंद करा. एचडीआरला धुकं हा दोष वाटतो आणि तो ते मळकट करून दुरुस्त करतो. प्रो मोडमध्ये रॉ घ्या. २एक्स किंवा ३एक्सची स्वतंत्र लेन्स असेल तीच वापरा. पुढच्या खोडावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि मग उजेड सरकवून धुकं पांढुरकं होईपर्यंत आणा.

फिल्मवाल्यांसाठी: धुक्यावर मीटर लावून दीड ते दोन स्टॉप उघडा आणि डेव्हलपिंग वीसेक टक्क्यांनी वाढवा, म्हणजे थर सुटतात. इलफर्ड एचपी५ प्लस बॉक्सवरच्या ४०० ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये १+१ (तितक्याच पाण्याच्या) मिश्रणात २० अंशांवर १३ मिनिटं घेते. धुक्यासाठी ते साडेपंधरापर्यंत न्या. कोकणात नळाचं पाणी सहज २७-२८ अंश असतं. रसायन, धुण्याचं पाणी आणि टाकी सगळंच बर्फाच्या परातीत २० वर आणून मगच सुरू करा. नुसतं डेव्हलपर गार करून चालत नाही, मधल्या धक्क्याने दाणा फुगतो.

छपाई

पडद्यावर सुंदर दिसणारं धुकं कागदावर एक पायरी गडद येतं, कारण पडदा प्रमाणाबाहेर उजळ ठेवलेला असतो. मॅट कागद धुक्याला शोभतो असं म्हणतात, पण त्याचा काळा फिका असतो आणि इथे सगळी मदार काळ्यावर आहे. लस्टर किंवा बरायटा असा किंचित चमक असलेला कागद घ्या. पूर्ण आकारात छापण्याआधी पुढचं खोड आणि सगळ्यात मागची दिसणारी रांग दोन्ही येतील असा चार इंचांचा पट्टा तीन वेगवेगळ्या उजेडांवर काढून घ्या, एकाच वेळी तिन्ही खिडकीच्या उजेडात धरा, आणि ज्यात मागची रांग जेमतेम दिसते तो निवडा.